धुराड्याच्या डाव्या बाजूला

१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट,
क्लेबेक, यॉर्कशर
७ फेब्रुवारी १९६६

प्रिय मिसेस मिजली,

आपण आयुष्यभराचे शेजारी, म्हणजे पाठीला पाठ लावून राहणारे. पण मी तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. माझं दार प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर उघडतं आणि तुमचं बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर. मधली भिंत एक, तिच्यातलं धुराडं एक, त्याला इकडून माझी चूल आणि तिकडून तुमची. पण तुमच्याशी समोरासमोर बोलायचं तर अख्ख्या रांगेला वळसा घालून यावं लागतं, आणि माझ्या गुडघ्यांना ते मानवत नाही.

नगरपालिकेची नोटीस तुम्हालाही आली असेलच. आपली घरं आरोग्याला घातक आहेत म्हणे, कारण त्यांतून वारा आरपार जात नाही. (तीन पिढ्या आपण श्वास कुठून घेतला हे नोटिशीत लिहिलेलं नाही.) तेव्हा एक तर उन्हाळ्याच्या आत पुढचं-मागचं घर मधे दार पाडून एक करायचं आणि आत न्हाणीघर बांधायचं, नाही तर घरं जमीनदोस्त करून आपल्याला टेकडीवरच्या नव्या उंच इमारतीत नेऊन ठेवणार. इन्स्पेक्टर टॉर्डॉफ म्हणतात की दार धुराड्याशेजारच्या कोनाड्यातच पाडता येईल. धुराड्याला धक्का लावायचा नाही, कारण वरच्या खोल्यांचा धूरसुद्धा त्यातूनच जातो.

माझा प्रस्ताव साधा आहे. तुमचं घर मी रास्त भावात विकत घेतो. पुढच्या घरात मागचं घर सामावून जावं हा एक प्रकारे निसर्गनियमच आहे. तुमची भाची ब्रिडलिंग्टनला असते, तिथली समुद्राची हवा तुम्हाला मानवेल.

जाता जाता आणखी एक. रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या संपल्या, की कोळसे ढवळताना तुमच्या सळईचा चुलीच्या मागच्या भिंतीवर एक ठोका बसतो. माझी पत्नी अ‍ॅनी होती तेव्हा आमच्याकडूनही असले आवाज होत, पण तिला जाऊन आता वर्ष झालं. कोळसे जरा हळू ढवळावेत ही विनंती.

आपला विश्वासू,
हर्बर्ट क्रॅबट्री
निवृत्त जॉबर, होमरॉइड मिल
खजिनदार, झायन चॅपेल


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
९ फेब्रुवारी

मिस्टर क्रॅबट्री,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या चुलीपासून हातभर अंतरावर बसून तुम्ही ते लिहिलंत, त्याला तिकीट चिकटवलंत, ते मोठ्या पोस्टात गेलं, तिथे शिक्का खाल्ला आणि गावभर फिरून माझ्या दारातून आत पडलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आता तुमचा निसर्गनियम. मी माझ्या मोरीपाशी उभी राहिले की माझं दार माझ्या पुढे असतं आणि तुमचं घर माझ्या पाठीमागे. म्हणजे मागचे तुम्ही. गल्लीच्या पाटीवर 'बॅक' असं लिहिणाऱ्या माणसाला कुठे उभं राहून बघायचं ते कळत नव्हतं, त्यात माझा काय दोष? तेव्हा तुम्हीच विका, मी घेते. पुढचेपणाचा एवढा तोरा असेल तर आधी पुढची पायरी घासा. अ‍ॅनी दर शुक्रवारी ती घासून तिची कड पिवळ्या दगडानं रंगवायची. आता तिच्यावर शेवाळ आलंय असं दूधवालासुद्धा सांगतो.

ब्रिडलिंग्टनच्या हवेचं म्हणाल तर माझी भाचीही तिथे आहे, आणि तिचा नवराही आहे. त्या माणसाबरोबर कुठलीच हवा कुणाला मानवणार नाही.

कोळसे मी माझे ढवळते, माझ्या चुलीत. आवाज होतो? मग तुमचाही होतो. रोज संध्याकाळी तुम्ही पेपर मोठ्यानं वाचता. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत सगळं वाचता, फक्त मृत्यूचं सदर गाळता. ते गाळत जाऊ नका. आमच्या ओळखीचं कोण गेलं ते आम्हाला कळायला नको?

नेली मिजली


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२१ फेब्रुवारी

प्रिय मिसेस मिजली,

मी पेपर मोठ्यानं वाचतो ही माझ्या घरातली खासगी गोष्ट आहे. अ‍ॅनीचे डोळे अधू झाल्यापासून ती सवय लागली, आणि ऐकणारं माणूस गेलं म्हणून सवय जात नाही. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत असेल तर तुमच्या बाजूच्या विटा कच्च्या असणार. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. भिंत टीकाही करते हे आता कळलं.

आज मी टेकडीवरची ती इमारत पाहून आलो. चॅपेलच्या लोकांसाठी नगरपालिकेनं खास बस सोडली होती. मला बारावा मजला दाखवला. खिडकीतून अर्धं यॉर्कशर दिसतं, पण समोरून कोण चाललंय ते दिसत नाही. चूल नाही, धुराडं नाही. भिंतीत एक पांढरी पेटी आहे, ती आपोआप तापते म्हणे. मी विचारलं, "मग माणूस संध्याकाळी बसतो कशाकडे बघत?" दाखवणारा पोरगा म्हणाला, "टेलिव्हिजनकडे, आजोबा." मी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली. पुठ्ठा! पलीकडे कोण राहणार म्हणून विचारलं, तर म्हणाला की पलीकडे लिफ्ट आहे.

घरी येऊन मी अ‍ॅनीच्या खुर्चीत कोट न काढताच बसून राहिलो. मिसेस मिजली, मला तिथे जायचं नाही. मी घाबरलो आहे असं म्हटलंत तरी चालेल.

तुम्हीही विकणार नाही, मीही विकणार नाही, तर असं करू. अर्ज दोघांच्या नावानं करू. कागदोपत्री घर एक. प्रत्यक्षात तुम्ही तुमच्या बाजूला, मी माझ्या. दार फक्त नगरपालिकेला दाखवण्यापुरतं. त्याला माझ्याकडून एक कडी, तुमच्याकडून एक कडी.

हर्बर्ट क्रॅबट्री


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२३ फेब्रुवारी

मिस्टर क्रॅबट्री,

मलाही अकरावा मजला दाखवला. मी त्या पोराला विचारलं, "इथे एखादी बाई पडली तर कुणाला कळेल?" तो म्हणाला, "मावशी, इथली फरशी अजिबात घसरडी नाही."

तुमचा प्रस्ताव मान्य. पण कडी माझ्या बाजूची जाड असेल. न्हाणीघर माझ्याकडे, कारण पाण्याचा मुख्य नळ माझ्याकडे आहे. तुमची आंघोळ शुक्रवारी, माझी शनिवारी. शुक्रवारी तुम्ही आत असताना मी घरात थांबणार नाही, आमच्या चर्चमध्ये फुलं लावायला जाईन. तुमच्या चॅपेलच्या बायकांच्या जिभांना उगाच चारा नको.

अर्जावर 'अर्जदारांचे परस्परांशी नाते' असा रकाना आहे. माझ्या मते तिथे 'भिंत' असं लिहावं.

नेली मिजली


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२ मार्च

प्रिय मिसेस मिजली,

'भिंत' असं लिहून अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

आता कामाचं. भिंत नऊ इंची आहे. कायद्यानं साडेचार इंच माझ्या, साडेचार तुमच्या. माझ्या विटा तुमच्या माणसानं फोडाव्यात हे मला पसंत नाही, आणि तुमचीही तीच भावना असणार. शिवाय एकाची धूळ दुसऱ्याच्या घरात नको. म्हणून माझा गवंडी वॉल्टर माझ्या बाजूनं साडेचार इंच फोडील आणि तुमचा जॅक तुमच्या बाजूनं. पुढच्या आठवड्यात शनिवारी, १२ तारखेला, दोघंही एकाच वेळी काम करतील आणि मधे भेटतील.

कोनाडा कोणता, एवढंच ठरवायचं राहिलं. धुराड्याच्या उजवीकडे अ‍ॅनीचं कपाट आहे, लग्नात मिळालेल्या निळ्या बशांचं. तिनं जसं लावलं तसंच आहे. ते हलणार नाही. डावीकडे नुसत्या कोट अडकवायच्या खुंट्या आहेत. तेव्हा दार डावीकडे.

हर्बर्ट क्रॅबट्री


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
४ मार्च

मिस्टर क्रॅबट्री,

डावीकडेच! मी तेच लिहिणार होते. उजवीकडे माझ्या नवऱ्याचं, आर्नल्डचं टेबल आहे. त्याचा फोटो, टोपी आणि युद्धातलं पदक त्यावर मांडलंय. त्याला मी कधी इंचभर हलवलं नाही आणि नगरपालिकेसाठी तर मुळीच हलवणार नाही. डावीकडे पिठाचा डबा आहे. तो काय, उचलला की झालं.

एका गोष्टीवर का होईना आपलं एकमत झालं. मी आज पार्किनचा केक केला तेव्हा त्यात आलं जरा जास्तच घातलं.

नेली मिजली


क्लेबेक नगरपालिका, गृहसुधारणा विभाग
१५ मार्च १९६६

श्री. ह. क्रॅबट्री व श्रीमती ने. मिजली (नाते: भिंत) यांस,

आज केलेल्या पाहणीत पुढील बाब आढळून आली. पुढील घरात धुराड्याच्या एका बाजूस व मागील घरात धुराड्याच्या दुसऱ्या बाजूस दाराच्या आकाराचा, साडेचार इंच खोल असा प्रत्येकी एक खड्डा करण्यात आलेला आहे. दोहोंपैकी कोणताही खड्डा आरपार नाही.

नगरपालिकेच्या व्याख्येनुसार दार म्हणजे ज्यातून मनुष्य पलीकडे जाऊ शकतो अशी रचना. प्रस्तुत रचना 'कपाट' या सदरात मोडते. कपाटास अनुदान देय नाही.

१५ एप्रिलपर्यंत दार न आढळल्यास उभयतांना टेकडीवरील इमारतीत, उपलब्धतेनुसार वेगवेगळ्या मजल्यांवर, जागा देण्यात येईल.

टॉर्डॉफ, इन्स्पेक्टर


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
१७ मार्च

मिसेस मिजली,

'डावीकडेच!' असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत, उद्गारचिन्हासकट. वॉल्टर डावीकडे फोडतो आहे आणि पलीकडचे घाव भलतीकडूनच येताहेत, हे मला जाणवलं होतं. पण मला वाटलं, धुराड्यामुळे आवाज फिरत असेल. डावं म्हणजे डावं. ते कुणी बदललेलं नाही.

आता दार माझ्या डावीकडचंच आरपार करायचं. तुमच्याकडे त्या जागी आर्नल्ड साहेबांचं टेबल येतं, ते कृपया हलवावं. अ‍ॅनीचं कपाट हलणार नाही.

ह. क्रॅबट्री


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
१७ मार्च

मिस्टर क्रॅबट्री,

चॅपेलचे पैसे मोजणाऱ्या माणसाला आपला डावा हात कोणता ते ठाऊक असेल असं मी धरून चालले होते. मी माझ्या चुलीकडे तोंड करून उभी राहिले आणि माझी डावी बाजू बघितली. तुम्ही कुणाच्या चुलीकडे तोंड करून उभे होतात?

जॅक म्हणतो, दोघंही बरोबर आहात, काकी. मी त्याला चहा दिला नाही.

दार होईल तर माझ्या डावीकडचं. तुमच्या बशा हलवा. आर्नल्ड हलणार नाही. नाही तर मला अकरावा मजला परवडला, तिथे निदान समोरासमोर भांडता येणारं कुणी नसेल.

नेली मिजली


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२८ मार्च, संध्याकाळ

मिसेस मिजली,

आपला पत्रव्यवहार थांबलेला असताना लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आज बातम्या संपल्यावर तुमचा रोजचा ठोका आला नाही. मी काही त्याची वाट पाहत नसतो. पण आला नाही. नंतर मी कप धूत असताना एकदम तीन ठोके आले. थोडं थांबून पुन्हा तीन. भिंत आता दोन्हीकडून अर्धी झालेली असल्यामुळे ते फारच मोठ्यानं ऐकू आले. हा निषेध असेल, तर त्याची नोंद घेतली आहे. पण प्रकृती बरी नसल्यास उलट टपाली कळवावे.

हे पत्र टाकायला मी स्वतः कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत जातो आहे. तिथून तुमची खिडकी दिसते. दिवा चालू असला तर सगळं ठीक आहे असं समजेन.

ह. क्रॅबट्री


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
३० मार्च

मिस्टर क्रॅबट्री,

दिवा चालूच होता. मी खाली पडले होते, तो विझवणार कोण?

कोळशाची बादली उचलायला वाकले आणि घोटा मुरगळला. उभं राहता येईना. सरपटत चुलीपर्यंत आले, सळई हाताला लागली, ठोकलं. मग तुमचं दार वाजलं. मला वाटलं, आलात. रस्त्यावर तुमचे बूट वाजले, कोपऱ्यापर्यंत आले. मग पेटीचं झाकण खट्‌कन वाजलं आणि बूट परत गेले.

सकाळी पोस्टमननं तुमचं पत्र दारातल्या फटीतून आत टाकलं तेव्हा मी त्याला हाक मारली. त्यानं मला खुर्चीत बसवलं, डॉक्टरला निरोप धाडला. चष्मा कुठे पडला होता कुणास ठाऊक, म्हणून पत्रही त्यानंच वाचून दाखवलं: "प्रकृती बरी नसल्यास उलट टपाली कळवावे." तो हसला नाही. चांगला मुलगा आहे.

उलट टपाली कळवते की प्रकृती बरी नव्हती.

आता एवढं झालंच आहे तर हेही वाचा. तो रोजचा ठोका कोळशाचा नव्हता. लग्न होऊन इथे आलो तेव्हापासून अ‍ॅनी आणि मी बातम्यांनंतर एकेक ठोका मारत होतो. एक म्हणजे 'मी आहे'. दोन म्हणजे 'चहा टाकलाय'. तीन म्हणजे 'असशील तशी ये'. तुमचा मुलगा जन्मला तेव्हा तिनं तीन मारले होते. आर्नल्ड गेल्याची तार आली तेव्हा मी मारले. ती पीठ लागलेल्या हातांनी धावत रांगेला वळसा घालून आली होती. अ‍ॅनी गेल्यावरही मी रोज एक मारत राहिले. उत्तर येणार नाही हे मला कळत होतं. पण पलीकडे कुणीतरी पेपर वाचतंय, म्हणजे कुणीतरी आहे, एवढं मला पुरत होतं. त्या ठोक्याची तुम्ही लेखी तक्रार केलीत.

नेली मिजली

ता.क. काल दुपारी पोस्टमनकडून कळल्यावर तुम्ही रश्शाचं भांडं घेऊन दाराशी आलात तेव्हा "पोस्टानं पाठवा" असं मी आतून ओरडले. रस्सा मात्र चांगला होता. पायरीवर ठेवून गेलात ते बरं केलंत.


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२ एप्रिल, सकाळ

प्रिय मिसेस मिजली,

तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं, मोठ्यानं नाही.

मला खरंच वाटायचं की बायका कोळसे ढवळतात. मी पेपरमागे बसलेला असायचो आणि अ‍ॅनी सळई उचलायची. ती काय करते आहे हे मी तिला एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि त्या संध्याकाळी माणूस नऊ इंचांवर मदत मागत होतं आणि मी तिकीट शोधत होतो. याची मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

आज अ‍ॅनीचं कपाट हलवलं. एकट्यानं. एक बशी फुटली. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर होईल. पण मागे भिंतीचा कागद तेवढा नव्यासारखा कोरा निघाला, बाकी काही नाही. तेव्हा तुमच्या डावीकडचं दार जॅककडून आरपार करून घ्या. आर्नल्डना हलवू नका. मी माझा खड्डा बुजवून टाकतो.

तुमचा,
हर्बर्ट क्रॅबट्री


१४, बॅक प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
२ एप्रिल, सकाळ

मिस्टर क्रॅबट्री,

रागाच्या भरात लिहिलं, पण खोटं काही लिहिलं नाही. आता राग जरा उतरलाय, कारण घोट्याची सूजही उतरलीय.

आर्नल्डचं टेबल जॅककडून वर झोपायच्या खोलीत नेऊन ठेवलं. खिडकीपाशी आहे. इथे चुलीशेजारी त्याची टोपी काळी पडत चालली होती हे मला आजच दिसलं. त्या रात्री मी जमिनीवर पडून त्याच्या फोटोकडे बघत होते. तो काही उठून येणार नव्हता. येणारं माणूस तुम्हीच होतात, आणि तुम्ही पत्र टाकायला गेलात. पण निदान उठलात तरी.

तेव्हा तुमच्या डावीकडचं दार वॉल्टरकडून पाडून घ्या. अ‍ॅनीच्या बशांना हात लावू नका. मी माझा खड्डा बुजवते.

नेली मिजली


१४, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट
१४ एप्रिल

इन्स्पेक्टर टॉर्डॉफ साहेब यांस,

आपण कालच्या भेटीत विचारलंत, की मार्चमध्ये एकही दार नव्हतं आणि आता धुराड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आरपार दार कसं आलं? खुलासा पुढीलप्रमाणे.

मिसेस मिजलींनी मला सांगितलं, तुमचं पाडा. मी त्यांना सांगितलं, तुमचं पाडा. पत्रं वाटेत एकमेकांशेजारून गेली. दुसऱ्या दिवशी दोघांनीही एकमेकांचं ऐकलं. आमच्या बाबतीत असं पूर्वी कधी घडलं नसल्यामुळे त्याचा परिणाम काय होईल याची कल्पना नव्हती.

दोन दारं कशासाठी, हाही आपला प्रश्न आहे. या देशात प्रत्येकानं आपल्या डावीकडून चालावं असा नियम आहे, म्हणून दोघं समोरासमोर आले तरी टक्कर होत नाही. मी माझ्या डावीकडून जातो, त्या त्यांच्या डावीकडून येतात. धुराडं मधे शाबूत आहे. वॉल्टर आणि जॅकनं दोन्ही दारांवर जाड तुळया घातल्या आहेत. कड्या बसवलेल्या नाहीत.

अनुदान एकाच दाराला मिळेल हे समजलं. दुसरं आम्ही कपाट समजतो.

आपला,
हर्बर्ट क्रॅबट्री


(पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं, नेलीच्या टेबलावर)
२४ एप्रिल, बातम्यांनंतर

नेली,

पेपर घेऊन आलो होतो. आज मृत्यूच्या सदरासकट सगळा वाचणार होतो. तुम्ही घरात नाही. खुर्ची गरम आहे, काठी नाही, वर हाक मारली तर उत्तर नाही. असल्या पायानं कुठे गेलात? मला घाबरवू नका. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तुमच्याच सळईनं एक ठोका मारतो आहे.

हर्बर्ट


(बिलाच्या मागे, हर्बर्टच्या टेबलावर)

हर्बर्ट,

पार्किन घेऊन आले, तर घर रिकामं. किटली उकळून उकळून कोरडी होत आली होती, ती उतरवली. अ‍ॅनीच्या खुर्चीत बसले, तिला चालेल. तुम्ही माझ्या दारानं तिकडे आणि मी तुमच्या दारानं इकडे... नाही, उलट. काही का असेना, दोघंही नियमानं डावीकडून निघालो आणि धुराड्याला वळसा घालून चुकलो.

आत्ताच पलीकडून एक ठोका आला. ओळखीचा आवाज, सळई माझीच आहे. वर्ष झालं, तिकडून ठोकायची मीच आणि इकडून काही यायचं नाही. मी तुमच्या सळईनं उत्तर दिलंय. मग वाटलं, हे काय पुन्हा? म्हणून आणखी दोन मारले. तीनचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे. टपाल पेटीकडे जाऊ नका.

आता मी निघते. या वेळी उजवीकडून, नियम मोडून. तुम्ही मात्र तुमच्या सवयीप्रमाणे डावीकडूनच या, म्हणजे दारातच टक्कर होईल.

नेली